सिम्फनी ऐकायला जाताना: पत्रिकेपासून परतीच्या लोकलपर्यंत

"आई, शनिवारी ऑर्केस्ट्राला जायचंय, येतेस?" असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "गाणी कुणाची आहेत?" तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतलं मैदान, बांबूचं स्टेज, एक लताचा आवाज, एक किशोरचा आवाज आणि मधूनमधून विनोद सांगणारा निवेदक. ऐंशी-नव्वद माणसं काळे कपडे घालून दोन तास बसतात, एक शब्द न गाता वाजवतात आणि तेवढ्यासाठी हजार लोक तिकीट काढतात, हे तिला पटेना. खरं सांगायचं तर पहिल्या दोन-तीन वेळा मलाही फारसं काही हाती लागलं नव्हतं. टाळ्या वाजवल्या, थंडीत कुडकुडले आणि डोंबिवलीला परत आले.

तुमच्या त्या दोन-तीन फेऱ्या वाचाव्यात म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. तुम्ही लहानपणी पेटीच्या क्लासला गेला असाल, नाट्यसंगीत कानावर असेल, निदान सारेगम ओळखता येत असेल, एवढंच मी धरून चालले आहे. पियानोच्या परीक्षा दिलेल्यांना यात नवं काही नाही.

कोण येतंय, कुठे वाजवतंय

मुंबईत सिम्फनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रानं मिळून वाजवायची मोठी रचना, ऐकण्याचे दोन मार्ग. पहिला घरचा: सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. एनसीपीए, म्हणजे नरिमन पॉइंटचं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. तिथले खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ मध्ये तो उभा केला. त्याचे मुख्य हंगाम वर्षातून दोन, साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात. सुरुवात इथूनच करा असं माझं मत आहे. हंगामात लागोपाठ काही कार्यक्रम असतात, त्यामुळे एक हुकला तर दुसरा मिळतो.

दुसरा मार्ग पाहुण्यांचा, म्हणजे जगाच्या दौऱ्यावर निघालेला एखादा मोठा ऑर्केस्ट्रा मुंबईत थांबतो तेव्हा. हे क्वचित घडतं आणि घडलं की लोक ते वर्षानुवर्षं सांगत राहतात. १९८४ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिक आशियाच्या दौऱ्यात मुंबईला आला होता. कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून हातांच्या इशाऱ्यांनी सगळ्यांना वाजवून घेणारे, होते आपल्याच मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता. १९९४ मध्ये ते इस्राएल फिलहार्मोनिक घेऊन आले. भारत आणि इस्राएल यांचे राजनैतिक संबंध १९९२ मध्ये पूर्णपणे जुळले नसते तर तो दौरा झाला नसता. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त तोच ऑर्केस्ट्रा पुन्हा आला, आणि त्या वेळी एनसीपीएबरोबर ब्रेबॉर्न स्टेडियमवरही वाजला. गंमत अशी की एनसीपीएच्या घरच्या ऑर्केस्ट्रासमोर मेहता पहिल्यांदा उभे राहिले ते थेट ऑगस्ट २०२३ मध्ये.

पाहुणे इतके कमी का येतात, याचा हिशेब अगदी साधा आहे. एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये जागा १,१०९. येणारी माणसं शंभरच्या घरात: वादक, कंडक्टर, एकल कलाकार, स्टेजवरचे कामगार, दौऱ्याचे व्यवस्थापक. त्यांची विमानाची तिकिटं, हॉटेलं आणि टनावारी सामान. सगळी तिकिटं खपली तरी तोंडमिळवणी होत नाही, त्यामुळे प्रायोजक लागतो, दूतावास लागतो, नाहीतर एखादी जयंती लागते. म्हणून घोषणा झाली की "पुढच्या वेळी बघू" म्हणू नका. पुढची वेळ कदाचित दहा वर्षांनी येईल.

सभागृहांबद्दल थोडक्यात. जमशेद भाभा थिएटर १९९९ मध्ये सुरू झालं आणि मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी आजही माझी पहिली पसंती तेच. शेजारचं टाटा थिएटर १९८० चं. ते बांधताना माइकशिवाय चालणाऱ्या आपल्या मैफलींचा विचार झाला होता, त्यामुळे चार-पाच वादकांचा कार्यक्रम तिथे फार गोड लागतो. बीकेसीतल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरचं ग्रँड थिएटर २०२३ चं, दोन हजार जागांचं. गिरगावाजवळचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. ते छोटं आणि देखणं आहे, पण पूर्ण सिम्फनीचा पसारा तिथे दाटीवाटीनंच मावेल.

पत्रिका वाचायला शिका

पत्रिकेवर "सिम्फनी क्र. ५, सी मायनर, ओपस ६७" असं दिसलं की माणूस बिचकतो. ते सोपं आहे. पाचवी म्हणजे त्या रचनाकाराची पाचवी सिम्फनी. ओपस हा छापील रचनांचा अनुक्रमांक, त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. महत्त्वाचं आहे ते सी मायनर. सी म्हणजे पांढरी एक, तो झाला षड्ज. मायनर म्हणजे ढोबळमानानं कोमल गंधार आणि मेजर म्हणजे शुद्ध गंधार. जाणकार नाक मुरडतील, पण सुरुवातीला एवढी किल्ली पुरते.

खाली चार ओळींत आलेग्रो, अंदांते, लार्गो असले इटालियन शब्द असतात. ते सिम्फनीच्या चार भागांच्या लयीचे शब्द आहेत, आपल्या विलंबित-मध्य-द्रुतसारखे. या भागांना मूव्हमेंट म्हणतात. ओळी मोजून ठेवा. पुढे टाळ्यांच्या वेळी हाच हिशेब अब्रू वाचवतो.

संध्याकाळ बहुतेक ठरलेल्या साच्याची असते. आधी दहाएक मिनिटांची एखादी छोटी रचना, मग कोंचेर्टो, म्हणजे एक व्हायोलिन किंवा पियानो पुढे आणि बाकी सगळे साथीला. मग मध्यंतर. शेवटी पस्तीस-पंचेचाळीस मिनिटांची सिम्फनी.

दौऱ्यावरचा ऑर्केस्ट्रा सहसा दोन-तीन कार्यक्रम बसवून निघतो आणि शहराशहरांत तेच आलटून पालटून वाजवतो. मुंबईत दोन रात्री असतील तर दोन्ही पत्रिका वेगळ्या असण्याची शक्यता मोठी. एकच परवडत असेल तर ज्या रात्री ओळखीची सिम्फनी आहे ती निवडा, एकल कलाकाराच्या नावाला भुलू नका. शक्य असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर दौऱ्याचं वेळापत्रकही बघा. आदल्या रात्री ते कुठल्या शहरात होते, हे कळलं तर मंचावरच्या जांभयासुद्धा समजून घेता येतात.

तिकीट कुठलं काढायचं

सगळ्यात महाग तिकीट म्हणजे सगळ्यात चांगला आवाज, हा समज सोडून द्या. अगदी पुढच्या रांगांत बसलं की समोर व्हायोलिनवाल्यांची भिंत उभी राहते. मागचे बासरीवाले, हॉर्नवाले दिसत नाहीत आणि ऐकूही अर्धवट येतात. आवाज वर चढतो. बाल्कनीच्या पहिल्या रांगांत तो नीट कालवून पोहोचतो आणि अख्खा मंच नकाशासारखा खाली पसरलेला दिसतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं बाल्कनीच घ्यावी. फक्त एक सांभाळा: खालच्या मजल्यावर बाल्कनीच्या छताखाली दडलेल्या शेवटच्या रांगा टाळा, तिथे आवाज कोंदट होतो.

पियानो कोंचेर्टो असेल तर डावीकडची जागा बघा. पियानोच्या पट्ट्या त्याच बाजूला असतात, बोटं दिसतात. एनसीपीएचे सदस्य असाल तर तिकीट विक्री तुमच्यासाठी आधी सुरू होते. वर्षातून तीन-चारदा जाणार असाल तर सदस्यत्वाचा विचार करण्यासारखा आहे. लहान मुलांना नेणार असाल तर वयाची अट तिकीट काढण्याआधी वाचा. दारावर हुज्जत घालून काही होत नाही.

तीन आठवडे कान लावा

सगळ्या लेखात कामाचा भाग हा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आपल्या मैफलीत राग त्या दिवशी उलगडत जातो, गायकालाही पुढची जागा कधीकधी आयत्या वेळी सुचते. सिम्फनीत प्रत्येक सूर आधीच लिहिलेला असतो. त्यामुळे तयारी न करता गेलात तर पहिल्यांदा ऐकताना तुम्ही सतत मागे पडता, आणि तयारी करून गेलात तर पुढे काय येणार हे माहीत असण्यातच मजा येते. ती जागा कशी घेणार, याची वाट बघता येते. आपण नाट्यपदाच्या तानेची वाट बघतो, तसंच.

पहिला आठवडा फक्त ओळखीचा. रोज एकच मूव्हमेंट ऐका, दुसरं काही न करता. लोकलमध्ये ऐकू नका. सिम्फनीत कुजबुजीपासून कडकडाटापर्यंत आवाजाची चढउतार प्रचंड असते, आणि ठाकुर्लीच्या पुढे गाडीच्या खडखडाटात ती कुजबुज मरते. रात्री घरी, हेडफोन लावून ऐका. फ्रँकफर्टच्या एचआर सिम्फनी ऑर्केस्ट्रानं पूर्ण सिम्फन्यांची सुंदर चित्रणं यूट्यूबवर फुकट ठेवली आहेत. बर्लिन फिलहार्मोनिकचं डिजिटल कॉन्सर्ट हॉल पैसे भरून बघता येतं. तिथे कॅमेरा बरोबर त्या क्षणी वाजवणाऱ्या वाद्यावर जातो, त्यामुळे डोळ्यांची शिकवणी आपोआप होते.

आता सारेगम बाहेर काढा. मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीची सुरुवात अशी आहे: कोमल धैवत, पंचम, पंचम, पुन्हा धपप, पुन्हा धपप, आणि मग वरचा कोमल गंधार. ओळखीचं वाटतंय? 'छाया' चित्रपटासाठी सलील चौधरींनी १९६१ मध्ये हीच चाल घेऊन 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' केलं. मोझार्ट आपल्या घरात रेडिओतून कधीच येऊन गेला आहे.

बेथोवनची पाचवी घ्या. जगातली सगळ्यात प्रसिद्ध चार अक्षरं: पपपग, गंधार कोमल. मग मममरे. पुढची तीस-पस्तीस मिनिटं तो माणूस या चार सुरांच्या ठेक्यातून घर बांधतो. पहिल्या मूव्हमेंटमध्ये सगळं वादळ चालू असताना एका क्षणी सगळे थांबतात आणि सनईच्या जातीचा एकटा ओबो एक छोटीशी, विस्कटलेली ओळ वाजवतो. ती जागा शोधून ठेवा. तिसऱ्या आणि चौथ्या मूव्हमेंटमध्ये थांबा नाही. टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, हळूहळू ठोका देत राहते, आवाज दबत दबत जवळपास विझतो आणि मग दार धाडकन उघडावं तसं येतं: सा, ग, प. या वेळी गंधार शुद्ध. अख्खी सिम्फनी म्हणजे कोमल गंधारापासून शुद्ध गंधारापर्यंतचा रस्ता आहे, हे मला एका रात्री पेटीवर बोट ठेवताना कळलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. "मग आधीच शुद्ध लावायचा की," ती म्हणाली.

प्रत्यक्ष बघताना आणखी एक मौज. पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोनवाले तिघे, छोटी पिकोलो बासरी आणि खर्जातला काँट्राबसून पहिल्या तीन मूव्हमेंटमध्ये एक सूरही वाजवत नाहीत. हाताची घडी घालून बसतात आणि चौथ्यात एकदम आत येतात. बाल्कनीतून त्यांनी वाद्यं उचललेली दिसतात, आणि काय येणार ते तुम्हाला एक क्षण आधी कळतं.

द्वोर्झाकची नववी, 'फ्रॉम द न्यू वर्ल्ड', दौऱ्यांवर फार वाजते. ती पहिल्यांदा वाजली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये डिसेंबर १८९३ मध्ये. २००८ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक उत्तर कोरियात प्याँगयांगला गेला तेव्हाही पत्रिकेत हीच होती. तिच्या दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये कोर आँग्ले नावाचं वाद्य एक धून वाजवतं. ओबो हा आपल्या सनईचा दूरचा भाऊबंद, दोघांनाही दुहेरी पाती, आणि कोर आँग्ले हा ओबोचा थोरला, भरदार आवाजाचा भाऊ. धून अशी: ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. कुणाही मराठी माणसाला विचारा, तो म्हणेल भूप. याच सिम्फनीत ट्यूबा या खर्जातल्या मोठ्या पितळी वाद्याच्या वादकाला काम फक्त या दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये, तेही मोजक्या सुरांचं. चौथ्या मूव्हमेंटमध्ये झांजांचा एकच हलका ठोका आहे. सातासमुद्रापलीकडून येऊन एक ठोका देणं, याला मी नोकरी म्हणते.

दुसऱ्या आठवड्यात चाल सोडा आणि तळ ऐका. आपला कान एका सुरावटीचा पाठलाग करण्यात पटाईत आहे. खाली चेलो आणि डबल बास काय करताहेत, याकडे तो ढुंकूनही बघत नाही. तीच मूव्हमेंट लावा आणि फक्त खर्ज धरून ठेवा. पहिले दोन दिवस जमत नाही. तिसऱ्या दिवशी एकदम तळघराचा दिवा लागतो आणि वरची चाल वेगळीच भासू लागते. मला सगळ्यात जास्त वेळ याला लागला आणि सगळ्यात जास्त मिळालंही यातूनच.

तिसऱ्या आठवड्यात तीच रचना दुसऱ्या कंडक्टरची ऐका. लय किती वेगळी, कुठे थांबलाय, कुठे पळालाय. इथे आपली घराण्यांची भाषा उपयोगी पडते. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे ओबो आणि हॉर्न आजही खास व्हिएन्नाच्या घडणीचे असतात, म्हणून त्यांचा रंगच निराळा. ट्रम्पेट बघा: आडवा धरून बाजूच्या झडपा दाबत असतील तर ते जर्मन-ऑस्ट्रियन वळण, उभ्या कळा दाबत असतील तर बहुधा अमेरिकी, इंग्रज किंवा फ्रेंच. स्वरलिपी वाचण्याचं धाडस असेल तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या रचनांच्या प्रती मोफत मिळतात. पान उलटायला चुकलात तरी हरकत नाही.

इतकं सामान येतं कसं

ऐकण्याशी याचा काय संबंध, असं वाटेल, पण आहे. व्हायोलिनवाले बरेचदा वाद्य हातातच ठेवतात. चेलो, डबल बास, हार्प, टिंपनी आणि कपड्यांच्या पेट्या माणसाच्या उंचीच्या, आतून गादी लावलेल्या खोक्यांतून मालविमानानं येतात. पियानो मात्र कुणी बरोबर आणत नाही, तो इथलाच.

हे सामान देशात येऊन पुन्हा बाहेर जाणार असतं, म्हणून कस्टमला ए.टी.ए. कार्ने नावाचा कागद दाखवावा लागतो, म्हणजे मालाचा पासपोर्ट. त्यावर एकेक वाद्य नोंदलेलं असतं. भारतात तो फिक्की ही संस्था देते आणि तो जास्तीत जास्त वर्षभर चालतो. नोंद शंभराची आणि परत निघताना नग नव्याण्णव, असं झालं की कुणाची तरी झोप उडते.

त्याहून नाजूक प्रश्न लाकडाचा. उत्तम गज, म्हणजे बो, ब्राझीलच्या पर्नांबुको झाडाचा असतो. ते झाड २००७ पासून सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार संरक्षित आहे. जुन्या गजांच्या टोकाला हस्तिदंताचा तुकडा असतो. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राचे काही गज याच संशयावरून अडकवून ठेवले होते.

आणि मग मुंबईची हवा. व्हायोलिन सरसानं चिकटवलेलं असतं. दमट हवेत सरस सैल पडतो, लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात. युरोपच्या हिवाळ्यातून निघून इथे उतरलेलं वाद्य आणि तुमचा तंबोरा यांचं दुखणं एकच. म्हणून सभागृहाचा एसी इतका कडक असतो.

राजकारणही सामानाबरोबर येतंच. १९८४ च्या ज्या दौऱ्यात न्यूयॉर्कवाले मुंबईत वाजवून गेले, त्याच दौऱ्यातला मलेशियाचा मुक्काम रद्द झाला, कारण तिथल्या सरकारनं एर्नेस्ट ब्लोख यांची 'शेलोमो: हिब्रू ऱ्हॅप्सोडी' पत्रिकेतून काढायला सांगितली होती. उलट दिशेचा प्रवासही होतो. आपला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २०१९ च्या फेब्रुवारीत लंडन, बर्मिंगहॅम, कार्डिफ, एडिंबरा असा फिरला. बरोबर होते झाकीर हुसेन आणि त्यांचा 'पेशकार' हा तबला कोंचेर्टो, जो याच ऑर्केस्ट्रासाठी २०१५ मध्ये लिहिला गेला होता. त्या ऑर्केस्ट्रातले बरेच वादक परदेशी आहेत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आहेतच. इथे शिकलेल्या मुलांच्या खुर्च्या वाढायला वेळ लागणार, आणि तोवर ऐकायचं थांबवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

त्या दिवशी

कार्यक्रम बहुतेक संध्याकाळी सातला. साडेसहाला आत असा, कारण दार बंद झालं की रचना संपेपर्यंत ते उघडत नाही, आणि पहिली रचना हुकली तर निम्मा कोंचेर्टो रुसव्यात जातो. पश्चिम रेल्वेनं येणाऱ्यांना चर्चगेटहून मरीन ड्राइव्हच्या कडेनं चालत पंचवीसेक मिनिटं. मध्य रेल्वेवाल्यांची सोय आता भुयारी मेट्रोनं झाली आहे: सीएसएमटीला उतरून खाली मेट्रो पकडायची, हुतात्मा चौक, चर्चगेट, मग विधान भवन. तिथून चालत पोहोचता येतं. सप्टेंबरचा हंगाम असेल तर पावसाचा अंदाज बघून तासभर आधी निघा. मी एकदा कुर्ल्याला पाऊण तास अडकून पडले होते, आणि माझ्या जागेवर ती संध्याकाळ कुणीच बसलं नाही.

कपड्यांचा बाऊ नको. साडी, कुर्ता, साधी पँट-शर्ट, सगळं चालतं. शाल मात्र न्याच. खोकला असेल तर खडीसाखर तोंडात ठेवा, आणि गोळ्या न्यायच्या असतील तर त्यांचे कागद घरीच काढा. शांत जागी तो चुरचुराट हजार माणसांना ऐकू जातो. निघण्याआधी खाऊन घ्या, मध्यंतरातली रांग लांब असते.

फोन पूर्ण बंद करा, नुसता सायलेंट नको. जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कला माहलरच्या नवव्या सिम्फनीच्या अगदी विझत्या शेवटाकडे पहिल्या रांगेतला एक आयफोन वाजत राहिला. गजर होता, सायलेंटला न जुमानणारा. कंडक्टर ॲलन गिल्बर्ट यांनी अख्खा ऑर्केस्ट्रा थांबवला. त्या गृहस्थाच्या जागी स्वतःची कल्पना करा आणि बटण दाबून धरा.

आत आल्यावर वादक आधीच मंचावर आपापल्या ओळी घोटत असतात. मग पहिला व्हायोलिनवादक येतो, टाळ्या. ओबो एक लांब सूर धरतो, ए, म्हणजे आपली पांढरी सहा, आणि सगळे त्यावर लावून घेतात. तंबोरा जुळताना आपण गप्प होतो, तसे इथेही व्हा. मग कंडक्टर येतो, पुन्हा टाळ्या.

यानंतरच्या टाळ्या हा घोळाचा विषय. रीत अशी की दोन मूव्हमेंटच्या मध्ये वाजवायच्या नाहीत. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबायचं. सापळा आहे चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीत. तिची तिसरी मूव्हमेंट इतक्या धडाक्यात संपते की शेवट झालाच असं वाटतं. मी तिथे टाळ्या तर वाजवल्याच, वर उठून उभी राहून पर्सही खांद्याला लावली. मग चौथी सुरू झाली. ती हळूहळू विझत जाते, अगदी अंधारात. तिच्या पहिल्या प्रयोगानंतर नऊ दिवसांनी चायकोव्हस्की गेला. शेजारच्या पारशी काकांनी नुसतं हातानं "बस, बस" केलं. पुढे कळलं की लाजायचं कारण नव्हतं: १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोझार्टनं रचना चालू असतानाच टाळ्या पडल्याचं मोठ्या आनंदानं सांगितलं आहे. गप्प बसण्याची रीत नंतरची. तरी पाळा. आणि "वा" आलीच तर ती गिळा, डोकं हलवायला मनाई नाही.

शेवटी टाळ्या लांबतात, कंडक्टर आतबाहेर करतो, हॉर्नवाल्याला, ओबोवाल्याला उभं करतो. लगेच पळू नका. दौऱ्यावरचे ऑर्केस्ट्रा बरेचदा एखादी छोटी जादा रचना खिशात ठेवून आलेले असतात. परतीच्या शेवटच्या मेट्रोची वेळ तेवढी आधी बघून ठेवा.

आई आली तेव्हा

ती शेवटी आली, द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीला. तिला मी काही शिकवलं नव्हतं, फक्त एक गोष्ट सांगितली होती. सकाळी आकाशवाणी सुरू होताना वाजणारी ती धून वॉल्टर काउफमान नावाच्या चेक माणसानं मुंबईत असताना केली, आणि तिच्यातलं व्हायोलिन झुबिनच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, वाजवल्याचं सांगतात. १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे तेच. "म्हणजे रोजच ऐकतेय की मी," एवढंच ती म्हणाली.

कार्यक्रमभर ती शाल गुंडाळून बसली होती. झोपली असावी, असं मला वाटलं. सीएसएमटीहून सुटलेली लोकल भायखळ्याला पोहोचेपर्यंत ती काही बोलली नाही. मग खिडकीकडे बघत हळूच गुणगुणली, ग प प, ग रे सा. पुन्हा एकदा. पुढच्या ओळीला थांबली, भुवई वर गेली.

"भूप धरला होता ना त्यानं?" ती म्हणाली. "मग निषाद कुठून आणला?"